पुढचे चालत नाहीत

नऊ पिना. दहाव्या पिनेची जागा रिकामी.

भिंतीवर दोन घड्याळं. दुसरं साडेनऊ तास मागे.

आडवा शब्द, क्रमांक सात: दुसऱ्याला मिळालेलं न बघवणं. तीन अक्षरं. उत्तर पुढच्या अंकात.

सरोजिनीबाईंचा उजवा गुडघा.

गुरुवार, साडेचार.

"हलका आहे गं," आई म्हणाली. लॅपटॉपवरून तिने हात फिरवला, नवी शाल आवडली की फिरवते तसा. सलोनी परवाच टोरांटोहून आली होती आणि बॅगेतून सगळ्यात आधी हे खोकं निघालं होतं.

"आणि पेनड्राइव्ह बाजूलाच बसतो," सलोनी म्हणाली. "आता ताईला दर गुरुवारी स्कूटर काढायला नको."

कल्याणी दारात चपला काढत होती. एक काढली. दुसरी काढायला तिला जरा वेळ लागला.

आई, म्हणजे सरोजिनीबाई, एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचतात. साप्ताहिकाचे मालक श्यामराव ईमेल उघडत नाहीत. त्यांना कोडं पेनड्राइव्हवर लागतं. संगणक टेबलाखाली, पाठ भिंतीला. पेनड्राइव्ह खोचायचे त्याचे पुढचे दोन पोर्ट पहिल्या दिवसापासून बंद. पेनड्राइव्ह मागे खोचायचा म्हणजे जमिनीवर बसून हात आत घालायचा. आईचा गुडघा वाकत नाही. म्हणून दर गुरुवारी कल्याणी बिबवेवाडीहून सदाशिव पेठेत येते, पेनड्राइव्ह खोचते, कोडं उतरवते, चहा पिते, जाताना श्यामरावांकडे टाकते; एरवी तो न्यायला त्यांचा पोऱ्याही आला असता.

हा संगणक तिनेच जोडला होता, तीन वर्षांपूर्वी. कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत बावीस वर्षं ती हेच करते. पुढच्या पोर्टांची वायर मदरबोर्डावर बसवायला दोन मिनिटं लागतात. त्या दिवशी तिने ती वायर गुंडाळली, प्लॅस्टिकच्या पट्टीने कोपऱ्यात घट्ट बांधली आणि झाकण लावलं. "पुढचे चालत नाहीत, आई. मला बोलवत जा."

यात आपलं काही चुकलं असं तिला वाटलं नव्हतं. भिंतीवर टोरांटोचं घड्याळ होतं. तिकडे वेळ बदलली की वर्षातून दोनदा ते एक तास पुढेमागे करावं लागे. स्टुलावर कल्याणी चढे. खालून आई सांगे, "नीट लाव हं, नाहीतर मी फोन करायची आणि ती झोपलेली असायची." बिबवेवाडीचं घड्याळ कोणी लावत नाही.

तिच्याकडे गुरुवार होते. तेवढेच.

"कशाला लॅपटॉप?" कल्याणी म्हणाली. "मी आज पुढचे जोडूनच टाकते. दोन मिनिटांचं काम आहे."

"तीन वर्षांत दोन मिनिटं मिळाली नाहीत का, ताई?" सलोनी म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

कल्याणीने संगणक टेबलाखालून ओढला. दोन स्क्रू. झाकण निघालं. तिने मोबाइलचा दिवा आत धरला.

आत धूळ. सगळीकडे सारखी, मऊ, राखाडी.

कोपऱ्यात वायर नव्हती.

बांधलेली पट्टी कापून तळाशी पडली होती. वायर सरळ खाली उतरून मदरबोर्डापर्यंत गेली होती. तिचं काळं टोक नऊ पिनांवर बरोबर बसलेलं. ते आपोआप बसत नाही. दहाव्या पिनेच्या जागी त्याचं भोक बुजवलेलं असतं. उलटं धरलं तर जात नाही. कोणीतरी बघून, समजून बसवलं होतं.

आधी तिला राग आला. आपण जोडलेल्या संगणकाला आईने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला. कोण? पेठेतला कुठला दुकानदार? शेजारचं कोणी? ती आणखी वाकली.

मग तिला टोकावरची धूळ दिसली. इतर धुळीइतकीच जाड. हे काल-परवाचं नव्हतं. दीड वर्षाचं असेल, दोन वर्षांचंही. म्हणजे शंभरएक गुरुवार.

शंभरएक वेळा आईचा फोन. "येतेस ना? कोडं तयार आहे. माझा हात पोचत नाही."

"अगं, डबा आहे तो, विहीर नाही," वरून आई म्हणाली. "किती डोकावशील?"

कल्याणीने मान वर केली. आई खुर्चीत ताठ बसली होती. मांडीवर कोड्याची वही, हातात पेनड्राइव्ह. तो तिने कल्याणीपुढे धरला.

"मागेच खोच नेहमीसारखा. पुढचे चालत नाहीत."

स्वयंपाकघराच्या दारात सलोनी ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमध्ये तीन कप. ती उघड्या संगणकाकडे बघत नव्हती, आईकडेही नाही. टोरांटोच्या घड्याळाकडे बघत होती.

"हो, ताई," ती म्हणाली. "चालत नाहीत."

"आणि सलोने, तुझा तो लॅपटॉप घाल परत खोक्यात. मला एवढीशी अक्षरं दिसत नाहीत."

कल्याणीने झाकण लावलं. दोन्ही स्क्रू घट्ट केले, संगणक परत टेबलाखाली सरकवला. जमिनीवर बसली, हात भिंतीपर्यंत आत घातला आणि पेनड्राइव्ह मागे खोचला.

दोन वर्षांपूर्वी, गौरीजेवणाच्या दिवशी, सुट्टीवर आलेल्या सलोनीने ती वायर जोडून पेनड्राइव्ह पुढून चालवून दाखवला होता. आई म्हणाली होती, "ताईला सांगू नकोस, ती यायची थांबेल," आणि त्या दिवशी सलोनी जेवली नव्हती.