स्वच्छ आवाज

"ताई, या फोनचे पैसे वसूल आहेत बघ. तूही असाच घे," मोहनीराज नेवाशाहून सांगत होता.

सांगलीत कुमुदताई ऐकत होत्या, पण त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. धाकट्या भावाला लहानपणापासून दमा. थंडी पडली की त्याचं एक वाक्य धड पुरं होत नसे. हा महागडा फोन घेतल्यापासून मात्र तो एकदाही खोकला नव्हता. आवाज तर ऐन तिशीतल्या माणसासारखा. हल्लीचे फोन मालकाच्या आवाजात परस्पर गप्पा मारतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. पलीकडे मोहन होता की नुसता त्याचा फोन?

"जुना फोन आहे ना अजून? त्याच्यावरून बोल."

"त्यावर खरखर येते गं."

"येऊ दे."

जुन्या फोनवर आवाज मोहनचाच आला, पण शब्दागणिक त्याला धाप लागत होती. मध्येच खोकल्याची उबळ आली ती थांबेना. नवा फोन हे सगळं गोंगाट समजून गाळून टाकत होता.

"कधीपासून चाललंय हे? बोलला का नाहीस?"

"महिना झाला असेल. तुझ्याशी बोलताना एवढा खोकतोय, तरी तू काहीच विचारत नव्हतीस. म्हटलं, ताई कंटाळली आपल्या दुखण्याला."

कुमुदताईंनी खुंटीवरची पिशवी ओढली.

"शेजारच्या पठाऱ्यांना हाक मार आणि दवाखान्यात जा. मी निघतेच. आणि हा फोन बंद करू नकोस. तुला बोलता नाही आलं तरी चालेल, मी ऐकत राहीन."