दारातली झडती

रविवारी सकाळी सुशांत डबा घेऊन निघाला, स्वतःच्या घराच्या दारात थांबला आणि त्याने दोन्ही हात वर केले.

कारखान्याची पाळी सुटली की गेटवर रोज अशीच झडती होते. हात वर, दरबान खिसे चाचपतो, चलो पुढे. रांझी वस्तीतल्या या दोन खोल्यांना दरबान नव्हता. तरी सुशांत उभा राहिला. कोणी येईना, तेव्हा जरा खाकरला.

अंगणात दीप्ती सायकल धरून उभी होती. कॅरिअर पकडून मागे पळायला तिला बाबा हवे होते. आजचं ठरलं होतं. तसं ते मागच्या रविवारीही ठरलं होतं, आणि बाबा ओव्हरटाइमला गेले होते.

"काहून असे उभे राहिले तुम्ही?" स्वयंपाकघरातून त्याची बायको विनता बाहेर आली.

"झडती," सुशांत म्हणाला. बोलल्यावर त्याला कळलं, आपण कुठे आहोत ते. पण हात वरच राहिले. खाली घ्यायचं कोणीतरी सांगावं लागतं.

विनता हसली नाही. तिने पिठाचे हात ओढणीला पुसले आणि रीतसर झडती घेतली. शर्टाचा खिसा, पँटचे खिसे. डबा उघडून भाजीही हलवून पाहिली.

"घरचा माल बाहेर नेऊन राहिले तुम्ही."

"कोणता माल?"

"रविवार."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हात वर असल्यामुळे तो विनतानेच काढला आणि त्याच्या कानाला लावला.

"कहाँ हो भाई?" सेक्शनचे साहेब होते.

"गेट पे रोक लिया, सर."

"कौन-से गेट पे?"

"घर के."

"क्या ले जा रहे थे?"

"इतवार, सर."

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. साहेब स्वतः घरीच होते.

"तो जमा कर दो," ते हळू आवाजात म्हणाले. "और सुनो, ये बात मेरे घर तक नहीं पहुँचनी चाहिए."

विनताने फोन बंद केला. "घ्या खाली."

सुशांतने हात खाली घेतले. खांदे भरून आले होते. तो वाकून कारखान्याच्या बुटांची नाडी सोडू लागला.

"बूट राहू द्या," विनता म्हणाली. "पळायचं आहे."