विरजणापुरता बर्फ

स्कॉटलंडच्या डोंगरात आमचं स्की भाड्यानं द्यायचं दुकान होतं. हिवाळ्यातला पहिला बर्फ पडला की आई फ्रीझरमधून स्टीलचा डबा काढायची, त्यातला गेल्या वर्षीचा बर्फ उतारावर शिंपडायची आणि नवा भरून आणायची. “विरजणाशिवाय दही लागतं का कधी?” म्हणायची. उतारावर वर नेणारी स्की-लिफ्ट चालवणारा म्हातारा युअन तेव्हा टोपी काढून उभा राहायचा. आम्ही हसायचो, पण सकाळी डोंगर सायीसारखा पांढरा असायचा. यंदा फेब्रुवारी सरत आला तरी उतार हिरवाच. बर्फ नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. लिफ्टच्या रिकाम्या खुर्च्या धुक्यात नुसत्या झुलत राहिल्या. शेवटी दुकान बंद केलं. दक्षिण इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलहून माझी मुलगी तनू आम्हाला न्यायला आली, त्या सकाळी आई डबा घेऊन उतारावर गेली. चिमूटचिमूट बर्फ गवतावर सोडत राहिली आणि तो टेकताच विरघळून दव होत राहिला. युअननं टोपी काढली. “आजी, सगळा टाकून दे ना, कॅरी कशाला करायचा?” तनू म्हणाली. आईनं तळाशी चमचाभर ठेवून झाकण घट्ट लावलं. “सगळं संपवायचं नसतं गं. विरजणापुरतं ठेवावं लागतं.” गाडी मी चालवत होतो; शेजारी आईनं तो डबा शालीत गुंडाळून मांडीवर धरला. डोंगर धुक्यात मागे विरत गेला. बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, “हीटर बंद कर रे, बर्फ वितळेल.” मी हीटर लावलाच नव्हता.