कोपराचं माप

सरकारी वसाहतीत दिव्यांगांसाठी राखलेल्या घरांचे नकाशे माझ्याकडे होते. घर ज्याचं, त्याच्याच मापाचं करायचं, हा माझा हट्ट. म्हणून टेप घेऊन मी एका जोडप्याकडे गेले. बाई व्हीलचेअरवर होत्या. बोलण्याचं काम मात्र यजमानांनी स्वतःकडे घेतलं होतं.

"दारं किती रुंद करू?" मी विचारलं.

"करा तुमच्या नियमाप्रमाणे."

"बाथरूममध्ये आधाराचे दांडे कुठे हवेत?"

"बसवा कुठेही."

मग मी स्वयंपाकघराचा नकाशा उघडला आणि यजमान एकदम खुर्चीच्या टोकाशी आले.

"ओटा चांगला खाली घ्या. सिंक खाली, डबे खाली, भांडी खाली. गॅसचं बटण तर हिच्या अगदी हाताशी यायला हवं. अपघातापासून वर्षभर मीच रांधतोय हो. स्वयंपाकासाठी हिचा जीव नुसता तळमळतो!"

ज्यांचा जीव तळमळत होता, त्या बाई निवांत चहा पीत होत्या.

ओट्याची उंची आम्ही कोपरावरून ठरवतो. मी टेप ओढली आणि बाईंच्या चाकाशी गुडघे टेकले. त्यांनी कप खाली ठेवला आणि हात पदरात गुंडाळून घेतला.

"घर माझ्याच सोयीचं करायचंय ना?"

"अगदी तुमच्याच, ताई."

"मग उठा, आणि ह्यांचं कोपर मोजा."