आडोसा

"ताई, तुमचा भाऊ डोंगरावर असता तर एव्हाना सापडला असता," असं म्हणून शोधपथकाने काल हात टेकले. आई मात्र अजून दाराला कडी लावू देत नाही. म्हणून आज सकाळी मीच सायकल काढली आणि ज्वालामुखी फुटला त्या दिवशी दादा ज्या घाटात गेला होता, तोच घाट चढू लागले.

समोरून वारा नुसता झोडपत होता. पाय भरून आले. "दादा, ये ना रे!" मी रडकुंडीला येऊन ओरडले.

आणि वारा लागेनासा झाला.

कडेचं गवत तसंच माझ्या दिशेने आडवं होत होतं, राख उडत होती. फक्त माझ्या अंगाला झुळूक नव्हती. सायकलवर दादा नेहमी असाच माझ्या पुढे राहायचा. "वारा मी खातो, शेंबडे, तू नुसती ये." समोर रस्ता रिकामा होता, तरी मी त्या आडोशाला चिकटून जिवाच्या आकांताने पायडल मारत राहिले.

वळणापुढचा रस्ता थिजलेल्या लाव्ह्याखाली गाडला गेला होता. रडत रडत मी सायकल उलटी वळवली.

आता वारा पाठीवर यायला हवा होता. गवत पुढे झुकलेलं होतं. माझ्या जॅकेटचं टोकही हललं नाही. कुणीतरी चाकाला चाक लावून माझ्या मागे होतं.

दादा जन्मात कधी कुणाच्या मागे राहिला नव्हता.