पॅनलचं तोंड

लेसाऊने सोलरचं पॅनल दक्षिणेकडे तोंड करून दोन दगडांना टेकवलं. वायर बॅटरीला जोडली, बॅटरीला मोबाइल लावला. लाल दिवा लागला, तो लालच राहिला.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या एमाए बेटावर मोबाइलला रेंज मिळते ती दक्षिणेच्या कड्यावर, समुद्राकडे तोंड केलं की. मग पॅनलचंच तोंड दुसरीकडे कशाला करायचं, असा तिचा साधा हिशेब. शिवाय त्याच दिशेला, फार फार लांब, न्यूझीलंड होतं. तिचा नवरा काल्तोंग तिथे सफरचंदं तोडायला गेला होता आणि हे पॅनल त्यानेच पाठवलं होतं. गेल्या रविवारी तो फोनवर "कोनफळं काढायला मी..." एवढं म्हणाला आणि चार्ज संपून तिचा मोबाइल बंद पडला. येतो की येत नाही? तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. आज पुन्हा रविवार.

चर्चमधून परतणारी आतेसासू लेमारा अंगणात थबकली.

"अगं, हे कुणाची वाट बघत बसलंय?"

"चार्जच होत नाही, आत्या."

"होईल कसं? आपल्याकडे सूर्य उत्तरेला, आणि हे तुझ्या नवऱ्याकडे टक लावून! खोबरं वाळत घालताना ऊन बघतेस ना? मग?"

लेसाऊ लाजली. पॅनल फिरवताना तिला उगाच वाईट वाटलं, माणसाकडे पाठ केल्यासारखं. पण दिवा हिरवा झाला. तापल्या दगडांवर, पानांत गुंडाळलेला किसलेल्या कंदांचा लापलाप शिजून जेवणं होईपर्यंत मोबाइल भरलासुद्धा.

कड्यावर ती बराच वेळ बसली, तेव्हा फोन आला.

"मालक म्हणतो, झाडांच्या छाटणीलाही थांब. मी हो म्हणालो. कोनफळं तुम्हीच काढा." काल्तोंगने घाईने पुढे जोडलं. "सोलर पाठवलं ते बरं झालं. आता हवं तेवढं बोलता येईल, नाही का?"

"हो," ती म्हणाली. बॅटरी भरलेली होती, तरी तिने फोन लगेच ठेवला.

दिवस मावळताना ती घरी आली. पॅनल उचललं आणि पुन्हा दक्षिणेकडे वळवलं.

चटई विणत बसलेली लेमारा "अगं..." म्हणाली आणि तिचा चेहरा बघून थांबली. मग उठून आली, पॅनलखालचे दगड नीट बसवले.

"राहू दे तिकडेच. रात्री कुठे ऊन असतं? सकाळी फिरवू."