आत्याचा मान

बारशाला आलेली शलाका पाळण्याशी वाकली, तेव्हा ऋजुताने आधी तिचे हात पाहिले.

"धुतलेत गं बाई. लॅबमधून थेट नाही आले."

सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ऋजुताने आंबेखोलच्या गोठ्यांत म्हशींच्या कानांतून गोचिडी वेचल्या होत्या. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि त्याच गोचिडींत एक आरएनए विषाणू सापडला. तो कुठल्याच ज्ञात कुळात बसेना. मग नव्या कुळाचा प्रस्ताव लिहायला बसली तिची लॅबमधली सहकारी शलाका. गेला महिनाभर बाळाला पाजताना ऋजुता नवऱ्यापाशी तिला नावं ठेवत होती: उथळ, घाईची, आयत्या बिळावरचा नागोबा.

"नाव काय ठेवलंस त्याचं?" तिने शेवटी विचारलंच.

"आंबेखोल विषाणू. तुझ्या नळ्यांवर तेच लिहिलं होतं." शलाकाने मोबाइल पुढे केला. प्रस्ताव मांडणाऱ्यांत पहिलं नाव ऋजुताचं होतं.

तेवढ्यात नणंदेने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि तिच्या पाठीत बायकांचे धपाटे बसले.

"बघ," शलाका हळूच म्हणाली, "नऊ महिने तुझे, पण नाव ठेवायचा मान आत्याचा. मलाही त्या विषाणूची आत्याच समज."

ऋजुताचा राग काही पुरता विझला नाही. पण महिनाभर तिने शलाकाला इतकी नावं ठेवली होती, आणि शलाकाने एकच ठेवलं, तेही ऋजुताच्या अक्षरातलं.

"मान धर हं नीट," ती म्हणाली आणि बाळ शलाकाच्या हातात दिलं.